लॉगआउटनंतरही खातं उघडंच
(सोसायटी ग्रुप)

बी-३०४: सचिवसाहेब, परत तेच! ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कोणीतरी सोसायटीच्या पोर्टलमधून लॉगआउट करून गेलं होतं. मी बसले, चुकून बॅक दाबलं, तर त्यांचं अख्खं खातं समोर. मोबाइल नंबर, थकबाकी, सगळं. मागे माझंही असंच उघडं पडलं, तेव्हा "बघतो" म्हणाला होतात.

सचिव: नमस्कार ताई. सदस्यांनी लॉगआउट नीट करावे ही नम्र विनंती.

बी-३०४: अहो, लॉगआउट केलेलंच होतं!

ए-१०२: सगळ्यांनी पासवर्ड बदला.

सी-५०१: काका, पासवर्डचा संबंध नाही. लॉगआउटने सर्व्हरवरचं सेशन (म्हणजे 'हा माणूस लॉगिन आहे' ही नोंद) संपतं, पण ब्राउझरने पान स्वतःच्या मेमरीत ठेवलेलं असतं. बॅक दाबलं की सर्व्हरला न विचारता तेच दाखवतो.

बी-३०४: बरोबर, 'पावत्या'वर क्लिक केल्यावर लॉगिन मागितलं. पण थकबाकी दिसायची ती दिसलीच ना?

ए-१०२: वेळेवर भरली तर दिसणारच नाही 😄

बी-२०३: काका, रोख कळतोय. आधी टाकीच्या कामाचा हिशोब टाका.

ए-१०२: हिशोब सभेत दिलाय. तुम्ही आला नव्हतात.

सचिव: कृपया विषयांतर नको. सदस्यांनी लॉगआउट नीट करावे.

डी-४०२: पोर्टलवाले बॅक बटणच बंद करतो म्हणाले होते.

सी-५०१: नको! बटण ब्राउझरचं आहे, अडवलं तरी लोक वाट काढतात. आतल्या प्रत्येक पानाला 'कॅश-कंट्रोल: नो-स्टोअर' हेडर हवा, म्हणजे पानासोबत ब्राउझरला 'हे साठवूच नको' अशी सूचना. त्यांनी 'नो-कॅश' लावलाय, मी तपासलं. त्याचा अर्थ 'साठव, पण वापरण्याआधी विचार', आणि बॅक दाबल्यावर ब्राउझर बहुतेकदा तेही विचारत नाही. शिवाय 'पेजशो'मध्ये (पान समोर येताना ब्राउझर देतो तो इशारा) पान मेमरीतून आलंय असं दिसलं तर ते रीलोड करायला लावा.

डी-४०२: मला तर बॅक-बॅक करताना "फॉर्म पुन्हा पाठवायचा का" विचारलं. हो म्हटलं, तर आधीच्या माणसाच्या नावाने लॉगिन!

सी-५०१: काय सांगता! हे त्याहून गंभीर आहे. म्हणजे पासवर्डचा फॉर्म पाठवल्यावर त्याच उत्तरात आतलं पान दाखवतायत. तिथे ३०३ रीडायरेक्ट हवा, म्हणजे सर्व्हरने उत्तरात पान न देता ब्राउझरला वेगळ्या पत्त्यावर पाठवायचं, मग बॅकच्या वाटेत तो फॉर्म राहत नाही. तोवर ऑफिसात प्रायव्हेट विंडो वापरा आणि उठताना ब्राउझर पूर्ण बंद करा.

सचिव: सदस्यांनी लॉगआउट नीट

बी-३०४: साहेब, वरचं वाचा हो एकदा.

सचिव: वाचलं. सी-५०१, एवढं लिहून द्याल का? पोर्टलवाल्यांना पाठवतो.

सी-५०१: देतो रात्री.

बी-३०४: मेल गेला की त्याचा फोटो इथे टाका. या वेळी "बघतो" नको.