मदत हवी आहे: एक मीटरचा स्वेल किनाऱ्यावर किती उंच फुटेल?

मांद्र्याला (गोवा) नवशिक्यांना सर्फिंग शिकवतो. मे महिन्यात वारा पडलेला असतानाही दक्षिण हिंदी महासागराचा स्वेल (दूरच्या वादळांतून निघून आलेल्या लाटा) येतो, एवढं कळतं. पण इन्कॉइसच्या (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) अंदाजात उंची दरवेळी तीच, एक मीटर. आवर्तकाल (लागोपाठच्या दोन लाटांमधला वेळ) ७ सेकंद असला तर लाट छातीएवढी, १५ असला तर डोक्याएवढी, आणि पोरं बोर्ड सोडून देतात. १५ सेकंदांच्या लाटेची लांबी खोल पाण्यात सुमारे ३५० मीटर, म्हणजे तळ तिला पावणेदोनशे मीटरवरच जाणवू लागतो, हे गणित केलंय. भरती-ओहोटीही ताडून पाहिली, फरक उरतोच. किनारा वाळूचा, पश्चिमाभिमुख, स्वेल दक्षिण-नैर्ऋत्येकडून. पावसाळ्यात उतरत नाही, तेव्हाचे आकडे नकोत. उंची आणि आवर्तकालावरून फुटणाऱ्या लाटेची उंची काढायला तुम्ही कोणतं सूत्र वापरता, आणि तिरक्या दिशेसाठी त्यातून किती वजा करता?