‘टू-वे मिरर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : डॅन ग्रॅहम (१९४२-२०२२) या अमेरिकन संकल्पनावादी कलावंताच्या काचमंडपांवरच्या (काचेच्या भिंतींच्या, आत शिरता येणाऱ्या रचनांवरच्या) मजकुरात ‘टू-वे मिरर’ (कधी आरसा, कधी आरपार दिसणारी काच) सतत येतो. ‘दुतर्फी आरसा’ चालेल का? आणि ‘सबर्ब’साठी ‘उपनगर’च ना?

प्रतिसाद १ : दुतर्फी नको. दुतर्फा झाडी म्हणजे दोन्ही बाजूंना झाडी. त्या चालीने दोन्ही अंगांना मुखडा दिसणारा दाढीचा आरसा डोळ्यांसमोर येतो. गंमत अशी की इंग्रजीत ‘वन-वे’ आणि ‘टू-वे’ मिरर ही एकाच काचेची नावे आहेत. तेव्हा ‘एकतर्फी आरसा’ म्हणावे.

प्रतिसाद २ : ‘एकतर्फी’ने तर उलटा अर्थ निघतो. काचेवर धातूचा अतिशय पातळ थर असतो. तो थोडा प्रकाश परतवतो, थोडा पलीकडे जाऊ देतो, आणि हे दोन्ही बाजूंनी होते. काचेला स्वतःची दिशा नसते. ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूने आरसा दिसतो. अंधारातल्याला पलीकडचे दिसते. पोलिसांच्या चौकशीच्या खोलीशेजारी अंधारात बसून पाहणाऱ्याने चुकून दिवा लावला की तोच उघडा पडतो. काचेच्या ऑफिस इमारती दिवसा बाहेरून आरसा असतात, रात्री आत दिवे लागले की टेबलखुर्च्यांसकट दिसतात. ग्रॅहमचे बरेच मंडप उघड्यावर असतात. ढग आला-गेला की तीच काच कधी आरसा होते, कधी खिडकी, आणि बरेचदा दोन्ही एकदम. ‘एकतर्फी’ म्हटले की नेमके हेच हरवते.

प्रतिसाद ३ : ‘अर्धपारदर्शक’ही टाळा. शाळेच्या विज्ञानात तो शब्द तेलकट कागदासाठी नि दुधी काचेसाठी रुजलेला आहे. मी ‘आरपार आरसा’ लिहीन. दुकानात मात्र ‘रिफ्लेक्टिव्ह काच’च मागावी.

एक खबरदारी : ‘आरपार आरसा’ ग्रॅहमच्या सगळ्या कामांना लावू नका. ‘आल्टरेशन टू अ सबर्बन हाऊस’ (१९७८) या प्रतिकृतीत दर्शनी भिंत काढून साधी पारदर्शक काच आहे. घराच्या मध्यावर तिला समांतर आरसा आहे, तोही साधाच. त्यात पुढची दिवाणखान्याची बाजू, रस्ता, समोरची घरे आणि बघणारा स्वतः दिसतो. मागचा खाजगी भाग झाकलेला राहतो. इथे ‘आरपार’ लिहिले तर मागच्या खोल्याही दिसतात असे वाटेल आणि सगळी रचनाच कोसळेल.

प्रतिसाद २ : ‘उपनगर’बद्दल. मराठी वाचकाला त्यात अंधेरी-बोरिवली दिसते : लोकल, इमारती, गर्दी. ग्रॅहमचा विषय म्हणजे मोटारीवर चालणारी, सुट्या घरांची, पुढे हिरवळ असलेली वस्ती. ‘होम्स फॉर अमेरिका’ या मासिकातल्या लेखात (आर्ट्स मॅगझिन, डिसेंबर १९६६-जानेवारी १९६७) तो घरांचे आठ नमुने आणि आठ रंग मांडतो. मग चार नमुने प्रत्येकी दोनदा घेऊन आठ घरांची रांग : अअबबककडड, अअबबडडकक... जोड्या शेजारी ठेवल्या तर अशा २४ रांगा होतात. म्हणून ‘ट्रॅक्ट हाऊसिंग’ला (मोजक्या नमुन्यांवर एकगठ्ठा बांधलेल्या घरांना) ‘साच्यातली घरे’ बरे. ‘रो-हाऊस’ नको, त्यात भिंत सामाईक असते.

प्रतिसाद १ : ‘एकतर्फी’ मागे घेतो. ‘सबर्ब’ला पहिल्यांदा ‘अमेरिकन उपनगर’ लिहून पुढे नुसते ‘सबर्ब’ ठेवावे.