क्रूझची केबिन, अख्खं कुटुंब आणि पसारा : अनुभव लिहा

आंबेमोहर

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही क्रूझला निघतोय. नवरा, मी, आठवीतली मुलगी आणि पहिलीतला मुलगा. चौघंही एकाच इनसाइड (म्हणजे खिडकी नसलेल्या) केबिनमध्ये. बुकिंगच्या कागदावर क्षेत्रफळ १६० चौ. फूट दिलंय, तेही बाथरूम धरून. आमच्याकडे दप्तरं, पाण्याच्या बाटल्या आणि जोडी हरवलेले मोजे एवढ्यानेच तितकी जागा अडते!

कुठे उतरायचं, काय बघायचं, काय खायचं याची माहिती ढीगभर मिळते. पण पोहून आल्यावर ओले कपडे कुठे टाकायचे, चौघांचे फोन एका प्लगवर कसे चार्ज करायचे, सकाळी बाथरूमचा नंबर कसा लावायचा, हे कोणी सांगत नाही. तेव्हा मुलाबाळांसकट, सासू-सासऱ्यांसकट जहाजावर राहून आलेल्यांनी लिहा. कुठली कंपनी भारी, हे नको; ते बाकी ठिकाणी पुष्कळ आहे.

सुरमई

आम्ही सिंगापूरहून पेनांग-फुकेत केली. चौघंच, तुमच्यासारखीच इनसाइड केबिन. एक आधीच सांगते, केबिनमध्ये खरी टंचाई जमिनीची असते. भिंती रिकाम्या, पलंगाखाली ऐसपैस, कपाटही बरं. पण पाय ठेवायला म्हणाल तर पलंग आणि टेबल यांच्यामधली एक पट्टी. तिथे एक बॅग उघडी पडली की बाथरूमला जाणारा प्रत्येक जण ती ओलांडणार आणि पुटपुटणार. म्हणून आमच्याकडे नियम एकच: जमिनीवर काही नाही. चपलासुद्धा टेबलाखाली.

बंदरावर ताब्यात दिलेल्या मोठ्या बॅगा केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. तोवर लागणारं सगळं (पोहायचे कपडे, औषधं, पासपोर्ट, चार्जर) हातातल्या पिशवीत ठेवा, नाहीतर मुलं पूलकडे बघत बसतात. बॅगा आल्या की मी ह्यांना मुलांबरोबर डेकवर पिटाळलं आणि सगळ्या बॅगा तळापर्यंत रिकाम्या केल्या. कपडे कपाटात आणि खणांत, लहान बॅग मोठीच्या पोटात आणि मोठी पलंगाखाली. "लागेल तसं बॅगेतून काढू" म्हणालात तर ती बॅग शेवटच्या दिवसापर्यंत पलंगावरच असते आणि झोपताना खुर्चीवर जाते. खण वाटून दिले होते, प्रत्येकाचा एक. मुलाच्या खणात तो काय कोंबतो ते मी बघितलं नाही.

केबिनच्या भिंती बहुतेक जहाजांवर पोलादी असतात, वरून नुसतं लॅमिनेट. त्यामुळे चुंबकाचे हुक मस्त चिकटतात. मी लोहार चाळीतून आणले होते. त्यातली एक गंमत: भिंतीवर लावलेल्या हुकाला जड पिशवी अडकवली की तो हळूहळू घसरत खाली येतो. तोच हुक छताला लावला तर कितीतरी जास्त वजन पेलतो. मग टोप्या, की-कार्डाच्या दोऱ्या असलं हलकं सामान भिंतीवर, आणि ओल्या कपड्यांची जाळीची पिशवी छताला, एसीच्या झोताखाली. उंच माणसाच्या वाटेत तेवढी येऊ देऊ नका.

वरच्या बर्थचं गणित रेल्वेच्या मिडल बर्थसारखंच. तो उघडला की खाली कोणाला ताठ बसता येत नाही. आमचा स्टुअर्ड (केबिन आवरणारा कर्मचारी) सकाळी तो मिटायचा आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी उघडून अंथरूण नीट करायचा. मिटताना गादी-चादर आतच जाते. एकदा मुलाचा कापडी हत्तीही गेला. दुपारी झोपायच्या वेळी हत्ती नाही म्हणून रडारड, शेवटी स्टुअर्डने किल्लीने बर्थ खाली घेतला. तेव्हा उशीखाली ठेवायच्या वस्तूंवर लक्ष असू द्या.

इनसाइड केबिनमध्ये दिवे मालवले की डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. टीव्हीवर जहाजाच्या नाकावरच्या कॅमेऱ्याचं चॅनल असतं. आवाज बंद करून ते चालू ठेवलं की रात्री मंद उजेड राहतो, आणि पहाटे पडदा उजळला की दिवस उगवल्याचं कळतं.

आंबेमोहर

सुरमई, हत्तीला सलाम! आमच्याकडे ससा आहे, त्याची नोंद घेतली. चार्जिंगचं काय केलंत? मी एक्स्टेन्शन बोर्ड नेणार होते.

इंजिनरूम

बोर्ड नेऊ नका. चढतानाच्या तपासणीत काढून घेतात आणि उतरताना परत देतात. मी जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो, म्हणून कारणही लिहितो. लोकांना वाटतं कंपनी उगाच छळते.

घरच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल अर्थला जोडलेली असते. जहाजावर पुष्कळदा तसं नसतं. दोन्ही तारा जहाजाच्या सांगाड्यापासून अलग ठेवलेल्या असतात. त्यामुळे एखादी तार कुठेतरी सांगाड्याला टेकली तरी वीजपुरवठा लगेच तुटत नाही, आणि समुद्रात तेच हवं असतं. पण अशा वेळी दुसऱ्या तारेचं सांगाड्याच्या तुलनेतलं व्होल्टेज वाढतं. सर्ज प्रोटेक्टरवाल्या (व्होल्टेज अचानक वाढलं तर उपकरणं वाचवणाऱ्या) बोर्डातले भाग तार आणि अर्थ यांच्यामध्ये बसवलेले असतात. ते हा ताण सतत सोसत तापतात आणि पेट घेऊ शकतात. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१३ मध्ये याबद्दल इशारा काढला होता. समुद्रात आगीला जेवढं घाबरतात तेवढं वादळालाही घाबरत नाहीत. इस्त्री आणि पाण्याची किटली यांवर बंदी आहे तीही त्याचमुळे.

तुम्ही चार-पाच यूएसबी पोर्टचा, लांब वायर नसलेला, थेट सॉकेटमध्ये बसणारा साधा चार्जर न्या. तरी आपल्या कंपनीची मनाई-यादी आधी वाचा. काहींनी अलीकडे एकाचे अनेक प्लग करणाऱ्या अ‍ॅडॉप्टरवरही बंदी घातली आहे. केबिनमध्ये सहसा चपट्या पिनांचं अमेरिकन आणि गोल भोकांचं युरोपियन, अशी दोन्ही सॉकेटं असतात. आपला दोन पिनांचा फोन चार्जर युरोपियन सॉकेटमध्ये बसतो, तीन पिनांचा लॅपटॉपवाला बसत नाही.

झोपेत सी-पॅप (श्वासासाठीचं यंत्र) लावणारं कोणी बरोबर असेल तर बुकिंग करतानाच कळवा. जहाजाची स्वतःची मान्य केलेली वायर ते देतात.

खारवी

आम्ही मुंबईहून लक्षद्वीपला गेलो होतो, कॉर्डेलियाच्या एम्प्रेसने. हे जहाज १९९० साली बांधलेलं, म्हणजे त्या काळच्या मापाच्या केबिन. बरोबर माझे वडील. वय झालेलं, मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन. आमच्या केबिनची सगळी मांडणी त्यांच्या रात्रीच्या बाथरूमच्या फेरीभोवती ठरली. दाराजवळचा पलंग त्यांना, आणि तिथून बाथरूमपर्यंत वाटेत काही म्हणजे काही नाही. जहाज हलत असताना म्हातारं माणूस हाताला लागेल ते धरतं. ते खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं जॅकेट असेल तर दोघंही खाली येतात. म्हणून खुर्चीवर कपडे टाकायला घरच्या सगळ्यांना बंदी.

इन्सुलिनसाठी फ्रिज हवा असं आधी कळवलं होतं. केबिनमधला छोटा फ्रिज पुष्कळदा नुसता गार ठेवण्यापुरता असतो, म्हणून तो किती थंड होतो ते स्वस्तातला थर्मामीटर ठेवून बघितलं. जमत नसेल तर जहाजावरच्या दवाखान्यात ठेवायची सोय विचारता येते. वापरलेल्या सुया टाकायला डबा मागा, तो देतात. कचऱ्याच्या टोपलीत सुई टाकली तर ती साफसफाई करणाऱ्याच्या हातात घुसायची. औषधांची पेटी आम्ही तिजोरीत न ठेवता टेबलाच्या वरच्या खणात ठेवली, म्हणजे तिजोरीचा नंबर आठवण्यात वेळ जात नाही.

जुन्या जहाजांवर लाइफ जॅकेटं केबिनच्या कपाटात ठेवलेली असू शकतात. जागा खातात म्हणून लोक ती मागे ढकलून पुढे बॅगा लावतात. कृपा करून असं करू नका. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट आडवी झाली तेव्हा नुकत्याच चढलेल्या प्रवाशांची आपत्कालीन कवायत व्हायची होती. २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियमच बदलला, आता कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या करावीच लागते. त्या कवायतीला जाताना वडिलांच्या चालीने जिन्याने किती वेळ लागतो तेही पाहून ठेवा. संकटात लिफ्ट मिळेल असं धरू नका.

निवांत_नाना

हुक, जाळ्या, कप्पे, पिशव्या! अहो, पसारा आवरायच्या सामानाचाच पसारा होईल. लहानपणी आम्ही भाऊच्या धक्क्यावरून बोटीने कोकणात जायचो. डेकवर सतरंजी पसरायची, कडेला ट्रंक लावायची, झाली केबिन. सामान कमी न्या. रोज वेगळा ड्रेस फोटोत दिसलाच पाहिजे हा हट्ट सोडला की निम्मी बॅग कमी होते. मात्र औपचारिक जेवणाच्या रात्रीसाठी एक बरा कपडा न्या, नाहीतर काही जहाजांवर मुख्य डायनिंग हॉलच्या दारातून परत फिरावं लागतं आणि मग बुफेच.

बोथेलकर

नाना, पटलं, पण अलास्काला कमी सामान नेऊन बघा! आम्ही सिअ‍ॅटलहून अलास्काची केली, आई-बाबा साताऱ्याहून आले होते तेव्हा. तिथल्या केचिकन गावात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. बाबा म्हणाले, "महाबळेश्वर बघायला एवढ्या लांब आणलंस?" एका माणसाचे थरावर थर आणि वर रेनकोट, गुणिले सहा.

आम्ही दोन केबिन घेतल्या. जिथे रेंगाळायला आवडेल ती बाल्कनीवाली आई-बाबांना आणि त्यांच्यासोबत धाकटीला. समोरची इनसाइड आम्हाला, आणि तीच कोठीची खोली. सगळ्या मोठ्या बॅगा, ओले रेनकोट, बूट आमच्याकडे. आई-बाबांच्या केबिनमध्ये फक्त त्यांचे कपडे, पत्ते आणि चिवडा. (घरी केलेले पदार्थ बहुतेक कंपन्या नेऊ देत नाहीत, सीलबंद पाकिटं चालतात.) संध्याकाळी सगळे त्या नीटनेटक्या केबिनमध्ये जमायचे. पसारा दोन्हीकडे सारखा वाटला असता तर बसायला एकही जागा राहिली नसती.

अमेरिकेच्या काही कंपन्यांकडे मुलांची वेगळी केबिन घ्यायची तर कागदावर प्रत्येक केबिनमध्ये एक मोठं माणूस लागतं. आम्ही बुकिंग तसं केलं, आणि चढल्यावर गेस्ट सर्व्हिसकडून जादा की-कार्डं घेतली.

कपडे धुण्याचं: काही जहाजांवर प्रवाशांसाठी यंत्रं असतात, काहींवर फक्त पैसे देऊन धुवून मिळतं. यंत्रं असतील तर जहाज बंदराला लागलेल्या सकाळी जा, सगळे उतरलेले असतात. समुद्रात असतो त्या दिवशी तिथे रांग. हातानेच धुवायचे तर आईची पद्धत: कपडा पिळून कोरड्या टॉवेलवर पसरायचा, दोन्हीची घट्ट गुंडाळी करायची आणि वर उभं राहायचं. मुलांना हे काम फार आवडलं. सुती साडी सोडून सगळं सकाळपर्यंत वाळायचं. बाल्कनीच्या कठड्यावर काही वाळत घालू नका. वाऱ्याने उडतं, आणि तशी मनाईही असते.

दुधाचे_दात

आमचं पिल्लू दीड वर्षाचं. पाळणा (घडीचा, जहाजच देतं) उघडला की केबिन संपली. त्यामुळे तो फक्त झोपेच्या वेळी उघडायचो. ती आठला झोपायची आणि मग आम्ही दोघं अंधारात कुजबुजत. शेवटी पाळीने बाहेर जायला लागलो, एकाने शो बघायचा, एकाने पहारा. डायपरचं पाकीट बॅगेत येताना जागा खातं, पण संपत जातं तशी परतीच्या खरेदीला जागा होते, हा त्याचा एक फायदा.

शेवटच्या रात्रीबद्दल कोणी लिहिलं नाही. मोठ्या बॅगा रंगीत टॅग लावून रात्री दहा-अकराच्या आत दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या थेट बंदरावर मिळतात. आमच्या शेजारच्या केबिनमधल्या काकांची पँट त्या बॅगेत गेली. सकाळी ते रात्रीच्या लेंग्यावर ब्लेझर घालून रुबाबात उतरले. सकाळचे कपडे, दूध, डायपर, कागदपत्रं आधी बाजूला काढून पलंगावर ठेवा, मगच बॅगेची चेन लावा.

आंबेमोहर

केवढी माहिती! अजून एक विचारायचं होतं. दीर आणि जाऊबाई शेजारच्याच केबिनमध्ये आहेत, त्यांचं बाळ वर्षाचं. बाबागाडी रात्री बाहेर पॅसेजमध्ये ठेवली तर चालते का?

दुधाचे_दात

नाही चालत. पॅसेज ही सुटकेची वाट, तिथे काहीच ठेवू देत नाहीत. छत्रीसारखी मिटणारी गाडी घ्या, ती दाराआडच्या कोपऱ्यात किंवा पलंगाखाली जाते. मोठी, तीन चाकांची असेल तर केबिनच्या दारातूनच आत जात नाही. दाराची रुंदी कंपनीला विचारून जाऊबाईंना निघायच्या आधी गाडी मोजायला सांगा.