मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये सामन्यांच्या मधल्या दिवसांत आईला काय दाखवू?

नमस्कार मंडळी. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तेव्हा आई आनंदाने रडली. तेव्हाच ठरवलं, जून २०२६ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाला तिला घेऊन जायचंच. भारताचे सामने १७ ला लीड्स, २१ आणि २५ ला मँचेस्टर, २८ ला लॉर्ड्स.

आई ६८ वर्षांची, स्मृती मानधनाच्या सांगलीचीच. उत्साह दांडगा, पण गुडघे दुखतात. लीड्सहून यॉर्क जवळ आहे, तिथलं रेल्वे संग्रहालय नक्की केलंय (बाबा रेल्वेत होते).

अडलंय ते मँचेस्टरच्या दोन सामन्यांमधल्या तीन दिवसांचं. विंडरमिअरला (तिथल्या तळ्यावर) सकाळी जाऊन रात्री परत येणं तिला झेपेल का, की एक रात्र राहावं? स्टेशनपासून बोनेसचा बोटींचा धक्का दीडेक मैलावर आहे. जूनमध्ये बसमध्ये बसायला जागा मिळते का?

लंडनमध्ये बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर तिला पाहायचंच आहे. लॉर्ड्सपासून फार लांब नाही. आत जिने किती आहेत? आधी वेळ घ्यावी लागते का? आईवडिलांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.