मदत हवी आहे: भिंतीला ड्रिल न करता व्यायामाचा रबरी बँड डोक्याच्या वर कुठे अडकवावा?

पुलडाऊन (बँड वरून खाली ओढणं) आणि फेस पुल (चेहऱ्याकडे ओढणं) या व्यायामांसाठी विचारतोय. बँड लॅटेक्सचा, 41 इंची बंद लूप, रुंदी 32 मिमी. खोली भाड्याची, बजेट 300 रुपये. पायाला अडकवून रोइंग (वल्हवल्यासारखं ओढणं) जमतं, अडचण फक्त वरून ओढण्याची.

दार एकच आणि तेही आत उघडणारं, म्हणजे आतून ओढलं की सगळा ताण कडीवर. बाहेरून ओढलं तर दार चौकटीत घट्ट बसेल, पण बाहेर सोसायटीचा जिना! डोअर अँकर (दाराच्या फटीत अडकवायचा, टोकाला फोमचा गोळा असलेला पट्टा) बिजागरीच्या बाजूलाही लावून पाहिला. फट 8 मिमीची, फोमचा गोळा दबून निसटतो.

खिडकीच्या ग्रिलला थेट अडकवला तर चौकोनी गजाच्या कडेवर घासून महिन्याभरात बारीक चिरा पडल्या. तो बँड टाकून दिला. तुटलेला बँड थेट तोंडावर येतो, त्यामुळे ‘चालवून घ्या’ कृपया नको.

आता ग्रिलच्या आडव्या गजाला, जमिनीपासून 6 फुटांवर, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून त्यावर नायलॉन पट्ट्याचा फास आणि त्यात बँड, असा बेत आहे. मी गुडघ्यांवर बसून ओढणार. पण ग्रिल भिंतीत पुरलेली नाही, लाकडी चौकटीला आतल्या बाजूने स्क्रूने बसवलेली आहे. साधारण 25 किलोचा, तोही खोलीकडे येणारा ताण हे स्क्रू रोज सोसतील का? आणि ते आतून सैल होतायत हे वेळेत कसं ओळखायचं?