मदत हवी आहे: जपानीत वरिष्ठांना नम्र पसंती कशी शिकवावी?

जेएलपीटी या जपानी भाषा परीक्षेच्या एन-५ (सर्वांत सोप्या) पातळीच्या विद्यार्थ्यांसाठी होकार-पसंतीच्या वाक्यांचा एक पानी तक्ता करतोय. दोन ठिकाणी अडलंय.

बरोबरीच्या माणसाने बेत सुचवला तर 'ई देस ने' ('छान आहे ना'). शेवटचा 'ने' गाळू द्यायचा नाही, कारण 'चहा घेणार?' यावर नुसतं 'ई देस' म्हटलं की बहुधा 'नको' असंच समजतात, आणि चहा येत नाही. 'केक्को देस' ('छान', 'पुरे'), 'दाइजोबु देस' ('ठीक आहे') यांचीही तीच गत. हवा असेल तर 'हाय, ओनेगाइ शिमास' ('हो, द्या ना'). कुणी परवानगी मागितली तर 'हाय, दोझो' ('हो, खुशाल'). पूर्ण 'ते मो ई देस' ('केलंत तरी चालेल') म्हटलं तर आपणच साहेब झाल्यासारखं वाटतं.

आता अडचण. साहेबांनी काम सांगितलं तर 'वाकारिमाशिता' ('समजलं') पुरे, की त्याहून नम्र 'शोचि शिमाशिता' आत्ताच पाठ करून घ्यावं? (त्याच अर्थाचं 'र्योकाइ देस' वरिष्ठांशी नको, एवढं नक्की.)

दुसरं, सेन्सेइंचं (शिक्षकांचं) व्याख्यान आवडलं तर 'जोझु देस ने' ('छान जमतं तुम्हाला') म्हणजे त्यांनाच गुण देणं. 'बेंक्यो नि नारिमाशिता' ('शिकायला मिळालं') अचूक आहे, पण नवख्यांना लांब पडतं. 'तोतेमो ओमोशिरोकात्ता देस' ('फार रंजक होतं') चालेल का? जपानी कचेरीत काम केलेल्यांनी जरूर सांगा.