लोह टाकलं की मासे वाढतीलच असं नाही

समुद्रात लोह टाकलं की प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढतील आणि ते खाऊन पाठोपाठ मासेही, असं म्हटलं जातं. जिथे पाण्यात लोह कमी आहे तिथे पहिला भाग खरा आहे. दुसऱ्याबद्दल २००९चा लोहाफेक्स प्रयोग बघा. भारत आणि जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी दक्षिण महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटर भागात लोह सोडलं. प्लवक वाढले, पण त्या पाण्यात सिलिका फार कमी होती, त्यामुळे सिलिकापासून काचेसारखं कवच बनवणारे डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल वाढलेच नाहीत. जे लहान शैवाल वाढलं ते कोपेपॉडांनी (कोळंबीच्या कुळातल्या बारीक जीवांनी) फस्त केलं आणि शैवालाने शोषलेला कार्बनही तळाशी फारसा गेलाच नाही. म्हणजे नुसतं लोह पुरत नाही, त्या पाण्यात आणखी काय कमी आहे तेही आधी बघावं लागतं.

मला खरी आशा देवमाशांकडून वाटते. क्रिल (कोळंबीसारखे छोटे जीव) खाऊन ते पृष्ठभागाजवळ विष्ठा टाकतात, तिच्यात भरपूर लोह असतं आणि ते पुन्हा प्लवकांना मिळतं. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात २० लाखांच्या आसपास देवमासे मारले गेले. हे चक्र आपणच तोडलं! टँकर भरून लोह ओतण्याआधी त्यांची संख्या वाढू द्यावी, असं मला मनापासून वाटतं.